लायसन्स मिळालं, तरी सिग्नलला गाडी बंद का पडते? समजून घ्या क्लचचं गणित

क्लास संपला, आरटीओची टेस्ट झाली, लायसन्सही घरी आलं. मग घरची गाडी पहिल्यांदा एकट्याने बाहेर काढायची, सिग्नल हिरवा व्हायचा आणि गाडी एक गचका देऊन बंद. मागून हॉर्न सुरू. घाईघाईत पुन्हा स्टार्टर, पुन्हा गचका. अशा दोन-चार अनुभवांनंतर अनेकांचं लायसन्स पाकिटातच राहतं आणि गाडी पार्किंगमध्ये धूळ खाते.

याचं एक कारण क्लासच्या गाडीत आहे. ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत ट्रेनरच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. सुरक्षेसाठी ते हवेतच. पण तुम्ही क्लच झटकन सोडला की ट्रेनर आपल्या बाजूने तो सांभाळून घेतो, आणि तुम्हाला वाटतं की आपल्यालाच जमलं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार कारचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष ड्रायव्हिंग किमान १० तासांचं असायला हवं. एकाच गाडीत तिघांना बसवून फेरी मारली असेल, तर तुमच्या हातात स्टिअरिंग किती वेळ होतं, याचा हिशेब करून बघा.

क्लच नेमकं करतो काय?

गाडी उभी असताना चाकं थांबलेली असतात, पण इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे फिरतच असतं. फिरणारं इंजिन थांबलेल्या चाकांना एकदम जोडलं तर दोघांपैकी एकाला हार मानावी लागते. इंजिन हरतं आणि बंद पडतं.

हे जोडणं हळूहळू व्हावं म्हणून मध्ये क्लच प्लेट असते. पेडल पूर्ण दाबलं की इंजिन आणि चाकं वेगळी. पेडल सोडायला लागलात की प्लेट आधी घासत फिरते, मग घट्ट पकडते. ही पकड जिथे सुरू होते ती जागा म्हणजेच आपण म्हणतो तो ‘हाफ क्लच’. नाव हाफ असलं तरी ती बरोबर मध्यावरच असेल असं नाही. प्रत्येक गाडीत ती वेगळी असते, म्हणून मित्राची गाडी घेतली की पहिली पाच मिनिटं सगळेच अडखळतात.

ती जागा शोधायचा सोपा उपाय म्हणजे मोकळी, सपाट जागा गाठणं. सीट इतकी पुढे घ्या की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. पहिला गिअर टाका, ॲक्सिलरेटरला पाय लावूच नका. क्लच अगदी सावकाश सोडा. इंजिनचा आवाज जड होईल, गाडी किंचित थरथरेल. इथेच पाय थांबवा. आजच्या बहुतेक गाड्या रेस न देताही सपाट रस्त्यावर सरकू लागतात. गाडी एक-दोन मीटर गेली की मगच उरलेला क्लच सोडा. गोची नेमकी इथे होते. गाडी हलली की काम झालं असं वाटून पाय उचलला जातो. दहा-पंधरा वेळा हेच करा. कंटाळवाणं आहे, पण पायाला ही जागा अशीच पाठ होते.

गिअर बदलतानाचे गचके

वरचा गिअर टाकताना फारसा त्रास होत नाही. पहिला गिअर फक्त गाडी हलवण्यापुरता, दहा-पंधराच्या वेगाला दुसरा, पंचवीस-तीसला तिसरा, असा ढोबळ अंदाज ठेवा. खरी परीक्षा खालच्या गिअरवर येताना. वेग जास्त असताना चौथ्यावरून थेट दुसऱ्यावर आलात आणि क्लच पटकन सोडलात, तर इंजिनला अचानक जोरात फिरावं लागतं. तो धक्का सगळ्यांच्या मानेला बसतो. आधी ब्रेकने वेग कमी करा, मग गिअर, मग सावकाश क्लच.

थांबतानाही आधी ब्रेक, आणि गाडी थांबायच्या जरा आधी क्लच. अनेक जण आधी क्लच दाबतात, त्यामुळे इंजिनचा आवर सुटतो आणि गाडी मोकळी धावते. मात्र समोर अचानक कोणी आलं तर क्रम विसरा, ब्रेक दाबा. इंजिन बंद पडलं तर पडू दे.

आणि घाटात?

चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणं ही जास्तीची कला नाही. वर सांगितलेल्या नियमांत, ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तपासायच्या गोष्टींत ती लिहिलेलीच आहे. तरीही खंबाटकीच्या चढावर ट्रॅफिक तुंबलं की किती तरी लायसन्सधारकांना घाम फुटतो.

हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, थोडी रेस देत क्लच पकडीच्या जागेपर्यंत आणा. गाडीचं नाक किंचित वर उचललं की हँडब्रेक सोडा. नव्या अनेक गाड्यांत हिल होल्ड असतं, ते ब्रेक सोडल्यावर साधारण दोन सेकंद गाडी धरून ठेवतं. पण हाफ क्लचवर चढाला गाडी तोलून धरायची सवय लावू नका. प्लेट घासत राहते, तापते आणि जळका वास येतो. त्याचं बिल गॅरेजमध्ये कळतं.

उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं, हा समज जुना आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनचा इंधनपुरवठा जवळपास थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. म्हणून उतरताना दुसरा किंवा तिसरा गिअर ठेवा. आणि अरुंद घाटात समोरून कोणी चढत असेल तर तुम्ही थांबा, चढणाऱ्याला आधी जाऊ द्या. नियमही तेच सांगतो. चढावर थांबून पुन्हा निघणं किती अवघड असतं, हे आता तुम्हाला माहीत आहेच.