उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा : कोल्हापूर संस्थानातील इंग्रजी शिक्षणाची कथा

१/ शेक्सपिअरचे एक विख्यात सुनीत प्रिय व्यक्तीला उन्हाळ्यातील दिवसाची उपमा द्यावी काय, या प्रश्नाने सुरू होते. इंग्लंडात ही स्तुती ठरते. हातकणंगल्याच्या शिवारात वैशाखाचे ऊन सोसलेल्या मुलाला मात्र ती थट्टाच वाटावी. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूर संस्थानातील मुले इंग्रजी शिकू लागली, तेव्हा भाषेबरोबर त्यांना परके हवामान, परके सण आणि परका संसारही शिकावा लागला. त्या शिक्षणाची ही हकीकत.

२/ हातकणंगले आज कोल्हापूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. संस्थानी काळात हा मुलूख आळते पेट्यात मोडत असे. १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि हातकणंगले स्टेशनातून संस्थानच्या राजधानीपर्यंतचा सुमारे वीस किलोमीटरांचा प्रवास सोपा झाला. गावातील शाळा मराठी होती. त्यापुढचे शिकायचे तर कोल्हापूर गाठावे लागे, आणि त्या पुढच्या शिक्षणाचे नावच 'इंग्रजी' होते.

३/ हे नाव शब्दशः घ्यायचे. मराठी चौथीनंतर मुलगा 'इंग्रजी पहिली'त जाई, मग इंग्रजी दुसरी, तिसरी असे करत मॅट्रिकपर्यंत पोहोचे. गणित, इतिहास, भूगोल हे विषय असत. पण इयत्तेची ओळख भाषेवरून. जुन्या माणसांच्या बोलण्यात 'आजोबा इंग्रजी पाचवीपर्यंत शिकले होते' असे वाक्य येते, ते या व्यवस्थेतून आलेले आहे. माणूस किती शिकला, हे तो इंग्रजीच्या कितव्या पायरीवर थांबला यावरून ठरत असे.

४/ कोल्हापुरात १८५१ साली इंग्रजी शाळा निघाली. तिच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत एक अबोल मुलगा होता : महादेव गोविंद रानडे. वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत असल्याने त्याचे प्रारंभीचे शिक्षण येथे झाले. १८५६ साली तो मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गेला. पुढे १८५९ साली मुंबई विद्यापीठाने पहिली मॅट्रिक परीक्षा घेतली. १३२ उमेदवार बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. त्या बाविसांत रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही दोन नावे होती.

५/ वर्गात शिकवले काय जाई? नेल्सन कंपनीच्या 'रॉयल रीडर्स'सारख्या वाचनमाला साम्राज्यभर चालत. १८६१ साली निघालेला पॅलग्रेव्हचा 'गोल्डन ट्रेझरी' हा काव्यसंग्रह हिंदुस्थानातील कॉलेजांत अनेक पिढ्यांनी वाचला. वर सांगितलेले सुनीत त्यात आहे. या पुस्तकांत बर्फ पडे, शेकोटीभोवती कुटुंब बसे, नाताळची घंटा वाजे, वसंतात डॅफोडिल फुलत. वाचणाऱ्याच्या गावी मात्र वर्ष मृग नक्षत्राने सुरू होई, बेंदराला बैल सजत आणि दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटत.

६/ ऋतूंची संख्यादेखील जुळत नव्हती. मराठी मुलाला सहा ऋतू पाठ; इंग्रजी पुस्तकात चारच. 'ऑटम' म्हणजे शरद म्हणावे तर शरदात येथे आकाश निवळते, पिके तयार होतात, चांदणे लख्ख पडते. तिकडे त्याच काळात पाने गळतात आणि कवी उदास होतात. आणि वर्षा ऋतूला तर इंग्रजीत घरच नाही. ज्या ऋतूवर येथील सारी शेती उभी, तो परक्या पंचांगात बसेना.

७/ वाक्प्रचारांत हा फरक सर्वांत ठळक दिसतो. थंड देशात ऊब ही माया असते. म्हणून इंग्रजीत जिव्हाळ्याचे स्वागत 'वॉर्म', आणि तुटक वागणे 'कोल्ड'. मराठी उष्ण देशात वाढलेली. येथे समाधान झाले की जीव गार होतो, लेकरू दिसले की डोळे निवतात, दुःखात कोणी जवळ घेतले की थंडावा मिळतो. राग आला की मात्र माणूस तापतो. शब्दाला शब्द लावून भाषांतर करणारा विद्यार्थी येथे हमखास फसे. आज 'उबदार स्वागत' मराठीत इतके रुळले आहे, की ते ज्या थंडीतून आले तिची आठवणही कुणाला होत नाही.

८/ दुसरे उदाहरण : ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या, अशा अर्थाची इंग्रजी म्हण. इंग्लंडात पाऊस केव्हाही येतो, म्हणून उघडीप ही संधी. कोल्हापूरकडे पाऊस चार महिने मुक्कामाला असतो आणि उरलेले आठ महिने उन्हाला तोटा नसतो. मराठीने तीच शिकवण स्वयंपाकघरातून घेतली : तवा तापला आहे तोवर पोळी भाजून घ्यावी. जोराच्या पावसात इंग्रजाला आकाशातून कुत्री-मांजरे पडताना दिसतात. मराठी माणसाला मुसळाएवढ्या धारा दिसतात. म्हणीला प्रतिम्हण शोधणे हा भाषांतराच्या तासाचा कस होता, आणि तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'वर मराठी घरांतील कित्येक पिढ्यांनी हा कस लावून पाहिला.

९/ ही कसरत एकतर्फी नव्हती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती आली. शब्दांबरोबर वाक्प्रचार आणि म्हणीही त्यात आवर्जून नोंदवल्या आहेत. १८९९ साली आल्फ्रेड मॅनवॉरिंग यांनी मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केला. इंग्रज अधिकाऱ्यालाही येथील भाषेची परीक्षा द्यावी लागे. फरक इतकाच, की तो नापास झाला तर बढती लांबे. मराठी मुलगा नापास झाला तर बहुधा शिक्षणच संपे.

१०/ पुस्तकातील इंग्लंड स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची संधी कोल्हापूरच्या एका तरुणाला मिळाली. ते स्वतः छत्रपती होते. राजाराम महाराज १८६६ साली गादीवर आले आणि १८७० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी इंग्रजीत रोजनिशी ठेवली. एका मराठी राजाने परक्या भाषेत, परक्या देशातील दिवसांची स्वतः केलेली ही नोंद. पाठ केलेल्या शब्दांना प्रत्यक्षाचा आधार मिळण्याचा असा योग त्या काळी फार थोड्यांच्या वाट्याला आला.

११/ हा प्रवास पूर्ण झाला नाही. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात महाराजांचे निधन झाले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने त्यांचा दहनसंस्कार करण्यात आला. आज तेथे त्यांचा अर्धपुतळा असलेली छत्री आहे आणि जवळच्या पुलाला 'भारतीयाचा पूल' अशा अर्थाचे नाव आहे. त्यांची रोजनिशी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी संपादित करून १८७२ साली लंडनहून प्रसिद्ध केली.

१२/ १८८० साली कोल्हापुरात कॉलेज सुरू झाले, तेही राजारामांच्याच नावाने. याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले येथे शिकत होते. वडील वारल्यावर थोरल्या भावाने शिक्षण सोडले आणि दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यांतले आठ रुपये तो गोपाळला पाठवी. १८८१ साली गोखले मॅट्रिक झाले आणि राजाराम कॉलेजात दाखल झाले. इंग्रजी उतारेच्या उतारे मुखोद्गत करण्याची त्यांची सवय प्रसिद्ध होती. पुढे केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना ज्या इंग्रजीची वाखाणणी झाली, तिच्या मुळाशी ही घोकंपट्टी आणि भावाचे आठ रुपये होते.

१३/ घोकंपट्टीला नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्याच्या घरी, गल्लीत, बाजारात ती भाषा कानांवर पडत नाही, त्याच्याजवळ पाठांतराखेरीज दुसरा मार्ग कोणता होता? १८८०च्या दशकात मॅट्रिकची परीक्षा नोव्हेंबरात होई. खेड्यात सुगीची लगबग, आणि परीक्षार्थी परक्या ऋतूंच्या प्रश्नांची उत्तरे घोकत बसलेला. त्या प्रश्नपत्रिकेपलीकडे सरकारी नोकरी होती, वकिली होती, कॉलेज होते. भाषेच्या चाचणीतून प्रत्यक्षात माणसाचा पुढचा सारा जन्म तोलला जात होता.

१४/ हे दार कोणासाठी उघडत होते, याचा हिशेब उपलब्ध आहे. १८९४ साली शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला, तेव्हा संस्थानच्या प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. कारकुनी दर्जाच्या ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे केवळ १० होत्या. पिढ्यान्‌पिढ्या लेखणी ज्यांच्या घरात होती, ते इंग्रजीतही आधी पोहोचले. शेतकऱ्याचा मुलगा इंग्रजी पहिलीलाच पोहोचत नव्हता. मग पुढच्या परीक्षेत तो कमी पडतो की नाही, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

१५/ शाहू महाराजांना स्वतःला ब्रिटिश शिक्षण मिळाले होते. राजकोटचे राजकुमार कॉलेज आणि पुढे धारवाडला स्टुअर्ट मिटफर्ड फ्रेझर यांची शिकवणी, असा त्यांचा विद्यार्थिकाळ. पण त्यांनी प्रश्न ओळखला तो मुक्कामाचा. गावाकडचा मुलगा शहरात राहणार कोठे आणि जेवणार काय? १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहू लागली. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा आदेश निघाला. त्या वेळी महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त इंग्लंडात होते.

१६/ या वसतिगृहांपैकी जैन बोर्डिंगात हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे जन्मलेला एक मुलगा आला : भाऊराव पायगोंडा पाटील, जन्म २२ सप्टेंबर १८८७. राजाराम हायस्कुलात तो इंग्रजी सहावीपर्यंत पोहोचला आणि गणितापाशी अडला. खुद्द महाराजांनी शब्द टाकला असता, हा ज्या बाकावर बसतो तो बाक वरच्या वर्गात घालीन, पण याला घालणार नाही, असे गणिताच्या शिक्षकांनी सांगितल्याची आठवण पुढे सर्वत्र सांगितली गेली. शिक्षकाने राजापुढे आपला निकाल बदलला नाही, ही त्या शाळेची प्रतिष्ठा. भाऊराव मॅट्रिक झाले नाहीत, ही तिचीच दुसरी बाजू.

१७/ याच भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात छत्रपती शाहूंच्या नावाने वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत. श्रम करून शिकण्याची पद्धत त्यांनी रुजवली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. 'इंग्रजी सहावी' एवढीच ज्यांची पायरी, त्यांनी हजारो मुलांना त्या पायऱ्या चढायला लावल्या. १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी कर्मवीरांचे निधन झाले.

१८/ आणि १८५९च्या त्या बाविसांतले रानडे? इंग्रजीने त्यांना सर्व काही दिले होते. तरीही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून हद्दपार झालेल्या देशी भाषांना परत स्थान मिळावे, यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले. १९०१ साली एम. ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. त्याच वर्षीच्या १६ जानेवारीला रानडे गेले. उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा समजून घेणाऱ्या पहिल्या पिढीतील या माणसाने आपले अखेरचे बळ वेचले, ते पुढच्या विद्यार्थ्याला मृगाच्या पावसावरही विद्यापीठात उत्तर लिहिता यावे म्हणून.