हात झडत नाही

कोपर दारावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागून एक मज्जातंतू अगदी कातडीखालून गेलेला असतो. करंगळी आणि शेजारच्या अर्ध्या बोटाची संवेदना त्याच्याकडे असते. पंजातले बहुतेक लहान स्नायूही त्याच्याच जोरावर हलतात. कुष्ठरोगाचा जंतू नेमका इथे बसतो. शरीराचे थंड भाग त्याला मानवतात आणि हा तंतू कातडीजवळ असल्यानं थंड राहतो.

आईच्या पोटात चौथा आठवडा संपता संपता बाळाच्या कुशीवर दोन उंचवटे उगवतात. ते पुढे हात होतात. एकदोन दिवसांनी पायांचे उंचवटे येतात. सहाव्या आठवड्यात पंजा वल्ह्यासारखा चपटा दिसतो आणि त्यात बोटांच्या रेघा उमटतात. मग रेघांमधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि बोटं सुटी होतात. आठव्या आठवड्याच्या अखेरीस मनगटात आठ, तळहातात पाच आणि बोटांत चौदा अशा सत्तावीस हाडांच्या पंजाचा आराखडा तयार असतो. मज्जातंतूही याच काळात त्यात शिरतात.

कुष्ठरोगात हा हात 'झडतो', असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. ते खरं नाही. तंतू निकामी झाला की पंजातले लहान स्नायू दुबळे पडतात आणि बोटं नखीसारखी वळतात. त्याहून घातक म्हणजे दुखणंच कळेनासं होतं. गरम तवा, खिळा, कुऱ्हाडीचा दांडा काहीच जाणवत नाही. जखमा चिघळतात, हाड खंगतं, बोट आखूड होतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास हे ओळखलं आणि धडधाकट स्नायूंचे कंडरे वळवून वाकड्या बोटांना पुन्हा कामाला लावलं.

शरीर समजून घ्यायचं तर पुस्तकापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा, हा धडा आपल्या परंपरेत जुना आहे. इब्न सिनाच्या 'कानून'मध्ये हाडं, स्नायू, मज्जातंतू यांचं सविस्तर वर्णन आहे. पण 1200च्या सुमारास इजिप्तच्या दुष्काळात अब्दुल लतीफ बगदादी यांनी हाडांचे ढीग स्वतः तपासले आणि खालचा जबडा एकच हाड असल्याचं सांगितलं. गॅलेन दोन म्हणत आला होता. शेकडो वर्षं कोणी पाहिलंच नव्हतं.

जुझामबद्दलही आपल्याकडे दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. एका हदीसमध्ये अशा रुग्णापासून सिंहापासून पळावं तसं दूर राहायला सांगितलं आहे. दुसऱ्या रिवायतीत पैगंबरांनी अशाच एका माणसाचा हात धरून त्याला आपल्या ताटात जेवायला घेतलं. समाजानं पहिली गोष्ट पाठ केली आणि दुसरी विसरला. हे केवळ मुसलमानांचंच झालं असं नाही.

वर्ध्यात दुसऱ्या गोष्टीसारखं काही घडलं. 1936 साली विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला महारोग्यांच्या सेवेचं काम उभारलं. 1939 साली संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाच्या अवस्थेत सेवाग्रामला आले. येरवड्याच्या तुरुंगापासूनची गांधीजींची ओळख. आश्रमात त्यांना झोपडी मिळाली. गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करत. पन्नासच्या दशकात वर्ध्याच्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशननं घरोघर तपासणी, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत रुजवली. रुग्णाला गावाबाहेर काढण्याऐवजी औषध गावात आलं.

त्याच 1939 साली मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. त्यानं मुस्लिम स्त्रीला घटस्फोट मागण्याचा हक्क दिला. ती फार मोठी सुधारणा होती. पण त्यातल्या कारणांच्या यादीत नवऱ्याचा कुष्ठरोगही होता. तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं, म्हणून तो उल्लेख समजून घेता येतो. ऐंशीच्या दशकापासून बहुविध औषधांनी हा रोग पूर्ण बरा होऊ लागला. तरी ते कारण तसंच राहिलं. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यातही ते होतं. 2019 साली संसदेनं पाच कायद्यांतून ते एकदम काढलं. व्यक्तिगत कायद्याला हात लागला तरी कोणी रस्त्यावर उतरलं नाही, कारण धर्माचं काहीच बिघडलं नव्हतं.

झोपडीनं जे 1939 मध्येच केलं, तिथवर यायला कायद्याला ऐंशी वर्षं लागली. आता आपल्या घरांची पाळी आहे. सोयरीक जुळवताना 'त्यांच्यात कुणाला तो रोग होता' अशी कुजबुज अजून चालते. कातडीवर बधिर चट्टा दिसला की बाई लपवते, कारण तिला रोगापेक्षा सासरची भीती जास्त वाटते. त्या लपवण्यातच तंतू मरतो आणि बोटं वाकडी होतात. वेळेवर सरकारी दवाखान्यात गेलं तर औषध मोफत मिळतं आणि हात शाबूत राहतो.