जोडीला कोणी तरी हवं

शाळेत पहिला येणारा मुलगा कॉलेजात गेल्यावर गणितात नापास का होतो? याची उत्तरं लोकांकडे तयारच असतात. पाया कच्चा, घरी गरिबी, आईबापांचं लक्ष नाही, मुलातच जिद्द नाही.

अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात १९७०च्या दशकात हीच उत्तरं दिली जात. आपापल्या शाळांत चमकलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथे कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने मागे पडत होते. कॅल्क्युलस अडलं की इंजिनिअरिंगची वाट बंद. युरी ट्रायस्मन नावाच्या तरुण संशोधकाने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी घेतले आणि ते अभ्यास कसा करतात, हे त्यांच्यात वावरून पाहिलं. तयार उत्तरं एकेक करून गळून पडली. मुलं कष्टाळू होती, घरच्यांची साथही होती. पण कृष्णवर्णीय मुलं आठवड्याला सुमारे ८ तास एकेकटी अभ्यास करत. चिनी मुलं जवळपास तेवढाच वेळ एकटी बसत आणि वर ४ ते ६ तास एकत्र. एकमेकांची गणितं तपासत, चुका दाखवत. एकट्या मुलाला आपली चूक थेट परीक्षेतच कळे.

ट्रायस्मन यांनी कच्च्या मुलांचे जादा वर्ग काढले नाहीत. त्यांनी अधिक अवघड गणितं दिली आणि मुलांना एकत्र बसवलं. ती मुलं वर्गात पुढे आली.

१९८८ साली मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर काउंटी विद्यापीठात फ्रीमन ह्रबॉव्स्की यांनी रॉबर्ट मायरहॉफ या दानशूराच्या मदतीने शिष्यवृत्ती योजना आखली. हे ह्रबॉव्स्की १९६३ मध्ये, अवघ्या बाराव्या वर्षी, बर्मिंगहॅमच्या नागरी हक्क मोर्चात तुरुंगात गेलेले. पहिल्या तुकडीत १९ कृष्णवर्णीय मुलगे होते. पुढे मुलीही आल्या. पैशांच्या जोडीला उन्हाळी पूर्वतयारी, गटाने अभ्यास आणि प्रयोगशाळेतलं काम होतं. याच योजनेतल्या किझ्मेकिया कॉर्बेट २००८ मध्ये पदवीधर झाल्या आणि २०२० मध्ये मॉडर्नाच्या कोविड लशीमागच्या संशोधनात त्यांचा मोठा वाटा होता.

तालमीत एकट्याने जोर-बैठका मारता येतात, कुस्तीला मात्र जोडीदार लागतो. आपल्या वस्तीतला, घराण्यातला पहिलाच मुलगा इंजिनिअरिंगला जातो, तेव्हा आपण फी गोळा करतो, हार घालतो आणि मोकळे होतो. पण रात्री दहा वाजता अडलेलं गणित त्याने कोणापुढे ठेवायचं? फीबरोबर तेवढी सोयही आपणच करायला हवी.