हौशी रेडिओ मंडळे, विद्यार्थ्यांची

रेडिओ तरंगांद्वारे संदेशवहन करण्याचा छंद जोपासण्यासाठी महाविद्यालये, विद्यापीठे व शाळा यांतील विद्यार्थ्यांनी स्थापन केलेली आणि सरकारी परवान्यावर केंद्र चालविणारी मंडळे. मोबदला घेऊन संदेश पाठविण्यास सर्वच हौशी केंद्रांना मनाई असते. विद्यार्थी मंडळाचे वेगळेपण असे, की केंद्र संस्थेचे असते व ते चालविणारे हात मात्र तीन-चार वर्षांनी बदलतात. त्यामुळे नवागतांना शिकविण्याचे काम मंडळाला, काहीसे नाइलाजानेच, अखंड करावे लागते.

मार्कोनी यांनी १९०१ मध्ये अटलांटिकपार संकेत ग्रहण केल्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा छंद फैलावला. ठिणगी प्रेषकाला लागणारी वेटोळी व धारित्रे घरी बनविता येत. महाविद्यालयात त्याशिवाय प्रयोगशाळेतील विद्युत् घटमाला मिळत आणि आकाशक उभारण्यास उंच छपरे असत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मंडळ १९०८ मध्ये, तर हार्व्हर्ड विद्यापीठ व मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील मंडळे १९०९ मध्ये निघाली. सर्वांत जुने मंडळ कोणते, याबद्दल कोलंबिया व हार्व्हर्ड यांचे दावे परस्परविरोधी आहेत. एका वर्षाच्या अंतराला त्याहून अधिक महत्त्व देण्याचे कारण नाही.

प्रारंभी या केंद्रांना परवान्याची गरज नव्हती. कोणीही कोणत्याही तरंगलांबीवर संकेत पाठवी आणि नौदलाच्या संदेशांत व्यत्यय येई. टायटॅनिक जहाज एप्रिल १९१२ मध्ये बुडाल्यावर नियंत्रणाच्या मागणीला जोर चढला व १३ ऑगस्ट १९१२ रोजी रेडिओ कायदा संमत झाला. त्याने सर्वसाधारण हौशी केंद्रांना २०० मी. वा त्याहून कमी तरंगलांबी आणि जास्तीत जास्त १ किवॉ. शक्ती नेमून दिली. दूरच्या संदेशवहनास लांब तरंगच उपयोगी, असा त्या काळचा समज होता. हौशी मंडळींच्या वाट्याला आलेला पट्टा म्हणजे इतरांना नको असलेली पडीक जमीनच होती. याच कायद्याखाली प्रायोगिक केंद्रांना व प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना खास परवाने मिळत. केंद्राच्या संकेतनामात विभागाच्या आकड्यापुढे अनुक्रमे ‘एक्स’ व ‘वाय’ ही अक्षरे असत. अनेक विद्यापीठांनी या सवलतीचा लाभ घेतला.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरताच सर्व हौशी केंद्रे बंद करून आकाशक उतरविण्याचा आदेश निघाला. केवळ ग्रहण करण्यासही बंदी होती. एकीकडे विद्यार्थ्यांची केंद्रे अशी मुकी झाली असता, हार्व्हर्डच्या आवारात नौदलाची रेडिओ शाळा भरून हजारो तरुण मॉर्स संकेत शिकत होते. प्रेषणावरील बंदी १९१९ च्या उत्तरार्धात उठली. डिसेंबर १९४१ मध्ये ती पुन्हा आली व १९४५ पर्यंत टिकली.

दरम्यान पडीक जमीन सुपीक ठरली होती. निर्वात नलिका हाती आल्यावर हौशी प्रयोगकर्ते २०० मीटरांखाली उतरू लागले. नोव्हेंबर १९२३ मध्ये सुमारे १०० मी. तरंगलांबीवर फ्रान्स व अमेरिका यांतील हौशी केंद्रांमध्ये दुतर्फा संवाद झाला. त्याहून मोठी मजल एका शाळेने मारली. लंडनजवळील मिल हिल शाळेच्या केंद्रावरून सेसिल गॉयडर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूझीलंडमधील शॅग व्हॅली येथे मेंढ्यांच्या कुरणावर केंद्र चालविणाऱ्या फ्रँक बेल यांच्याशी संवाद साधला. अंतर सुमारे १९,००० किमी., म्हणजे जवळजवळ पृथ्वीची दुसरी बाजू. हे तरंग आयनांबरावरून परावर्तित होऊन परत येतात, हे एडवर्ड ॲपल्टन यांनी प्रयोगाने दाखविले ते त्यानंतर, डिसेंबर १९२४ मध्ये. आयनांबराची कल्पना १९०२ पासून मांडली गेलेली असली, तरी तिचा एवढा दूरवरचा उपयोग एका शालेय विद्यार्थ्याने तिच्या मापनापूर्वीच करून दाखविला, हे विशेष.

हेच गॉयडर १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओचे मुख्य अभियंता म्हणून भारतात आले व १९४६ पर्यंत त्या पदावर होते. दिल्ली, मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील लघुतरंग प्रक्षेपण त्यांच्याच कारकीर्दीत सुरू झाले. विस्तीर्ण देशात मोजक्या केंद्रांचा आवाज दूरवर पोहोचविण्यास लघुतरंगांखेरीज स्वस्त उपाय नव्हता.

भारतात हौशी परवाने दीर्घकाळ १८८५ च्या तार अधिनियमाखाली दिले जात. दुसऱ्या महायुद्धात ते रद्द झाले होते. १९७८ च्या नियमांनुसार शैक्षणिक संस्थेलाही परवाना मिळतो, पण केंद्राची जबाबदारी स्वतः परवानाधारक असलेल्या व्यक्तीकडे असावी लागते. अशी व्यक्ती शिक्षण संपवून वा बदली होऊन गेली, की नवा परवानाधारक मिळेपर्यंत केंद्र चालविणे अशक्य होते. मंडळाची खरी अडचण पुष्कळदा यंत्रांची नसून ही असते.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (स्थापना १८५४, २०२२ पासून विद्यापीठ) विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ हा सुमारे १ किग्रॅ. वस्तुमानाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात सोडण्यात आला. एका हौशी केंद्राचा संदेश साठवून तो दुसऱ्यास देणे, हे त्याचे नियोजित कार्य होते. दिशा राखण्यासाठी त्यात विद्युत् शक्तीऐवजी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उपयोग केला होता.