लाकडी तोफा आणि सतरा किल्ले

नाशिकच्या उत्तरेला, आशेवाडीच्या डोक्यावर रामशेज उभा आहे. सह्याद्रीतले साल्हेर, अलंग पाहिलेल्या माणसाला तो किल्ला वाटतच नाही. टेकडीच म्हणायची. रमतगमत गेलं तरी तासाभरात माथ्यावर. आणि या टेकडीने औरंगजेबाच्या एकामागून एक सरदारांना पाच वर्षांच्या आसपास झुलवलं!

गोष्ट 1682 ची. औरंगजेब दख्खनमध्ये उतरला आणि शहाबुद्दीन खानाला रामशेजवर पाठवलं. हिशोब सरळ होता, एवढासा किल्ला, आठ-पंधरा दिवसांचं काम. खानाने सुरुंग खणले, मोर्चे बांधले, लाकडाचा प्रचंड दमदमा उभारला. दमदमा म्हणजे तटाच्या उंचीचा मनोरा, ज्यावरून आत मारा करता येतो. त्यावर पाचशे माणसं मावत असं म्हणतात. तरीही किल्ला पडेना. बाहेरून संभाजीराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांच्या फौजा पाठवल्या, त्यामुळे वेढा घालणाऱ्यांनाच पाठीमागे बघत लढावं लागलं.

गंमत अशी की या लढाईची सगळ्यात रंगतदार हकिकत मुघलांच्या बाजूच्या माणसाने लिहून ठेवलीय. खाफीखान म्हणतो, किल्ल्यात लोखंडी तोफ नव्हती. तेव्हा किल्लेदाराने झाडांचे बुंधे पोखरले, कातडं वापरलं आणि लाकडी तोफा केल्या. एकेक तोफ दहा तोफांचं काम करत होती म्हणे! शत्रूनेच केलेलं कौतुक असल्यामुळे मी त्यावर थोडा जास्त विश्वास ठेवतो. (थोडाच. हरणाऱ्यालाही समोरचा मोठा करून सांगण्यात फायदा असतो.)

लाकडाची तोफ ऐकायला भाकड वाटते, पण तशी ती नाही. युरोपात 1620 च्या दशकात स्वीडनच्या गुस्तावस अडॉल्फसने चामड्यात गुंडाळलेल्या हलक्या तोफा वापरून पाहिल्या होत्या. 1876 मध्ये तुर्कांविरुद्ध उठलेल्या बल्गेरियन लोकांनी चेरीच्या झाडाच्या तोफा केल्या, त्यातल्या बऱ्याच पहिल्या बारातच फुटल्या. अशी तोफ लांबवर गोळा टाकू शकत नाही, दारू जास्त भरली की चालवणाऱ्यालाच घेऊन जाते. पण डोंगरावरून खाली चढून येणाऱ्या जमावावर दगडगोटे उडवायला लांब पल्ला लागतो कुठे? रामशेजच्या उतारावर ती चालली असेल ती याच कारणाने.

शहाबुद्दीन गेला, बहादूरखान कोकलताश आला. त्याने एका बाजूला हल्ल्याचा देखावा करून दुसरीकडून दोर लावून माणसं चढवायचा बेत केला. किल्लेदाराला तो आधीच कळला. मग खानाने चक्क एका मांत्रिकाला धरलं. मांत्रिकाने सोन्याचा शंभर तोळ्यांचा नाग मागितला, तो हातात धरून सैन्याच्या पुढे चालू लागला आणि वरून आलेला गोफणीचा दगड नेमका त्याच्या छातीवर बसला. नाग एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे! हा प्रसंगही खाफीखानाचाच. शेवटी लाकडी दमदमा जाळून बहादूरखान निघून गेला.

आणि रामशेज पडला कसा? पैशाने. 1687 च्या सुमारास किल्लेदाराशी बोलणी झाली, रक्कम ठरली, दरवाजा उघडला. शाळेत आम्हाला गोफणीपर्यंतचीच गोष्ट सांगितली गेली, हा शेवट नाही.

आता 1818 मध्ये या. पेशव्यांचं राज्य मोडत होतं. लेफ्टनंट कर्नल मॅक्डॉवेल एप्रिलमध्ये चांदवडच्या बाजूने एकेक किल्ला घेत त्र्यंबकला पोचला. ब्रह्मगिरी पाहिला असेल तर तुम्हाला ते कडे माहीत आहेत. दोनशे ते चारशे फुटांचा सरळ ताशीव कडा, वर जायला दोनच वाटा. हा किल्ला तोफांनी घ्यायचा म्हणजे वेड्याचं काम वाटावं. 24 एप्रिलला इंग्रजांच्या तोफा सुरू झाल्या, दुसऱ्या दिवशी किल्ला ताब्यात! आणि त्र्यंबक पडल्याची बातमी पसरताच नाशिक भागातले आणखी सतरा किल्ले झटपट त्यांच्या हातात आले. त्या सतरांत रामशेजही होता.

याला नुसतं घाबरटपणा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मधल्या सव्वाशे वर्षांत तोफखाना बदलला होता. उखळी तोफांचे गोळे तटावरून उंच जाऊन आत पडत आणि तिथे फुटत, त्यापुढे कड्याचा उपयोग अर्धाच उरतो. पण तेवढंही खरं नाही. 1682 ला वर बसलेल्या माणसाला माहीत होतं की कुठेतरी राजा आहे, फौज येतेय. 1818 च्या एप्रिलमध्ये पेशवा स्वतःच पळत होता. मदत कोण पाठवणार, आणि पगार तरी कोण देणार?

याच जिल्ह्यातलं मालेगाव मात्र हा हिशोब बिघडवतं. तिथला किल्ला भुईकोट, मोसम नदीच्या काठी, सपाटीवर. नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेला. (नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली वसईच्या विजयाची पोर्तुगीज घंटा माहीत आहे ना, तेच हे.) किल्ला राजेबहाद्दर घराण्याचा असला तरी 1818 मध्ये आत हुकूम भाडोत्री अरब शिबंदीचा. माणसं साडेतीनशेच्या आसपास. मॅक्डॉवेल मेच्या मध्यावर तिथे पोचला. अरबांनी बाहेर येऊन छापा घातला, इंग्रजांचा इंजिनिअर मारला. 29 मेला भगदाडातून केलेला हल्ला फसला, त्यात दुसरा इंजिनिअर भगदाडाच्या माथ्यावर पडला. 3 जूनला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, तरी मालेगावचा वेढा चालूच! शेवटी 11 जूनला एक गोळा दारूकोठारावर पडला, स्फोटात तट उडाला, तेव्हा 13 तारखेला बोलणी झाली. दोनशेच्या वर इंग्रजी फौजेची माणसं मेली वा जखमी झाली. शरणागतीच्या मराठी कागदाचा अर्थ काय लावायचा यावरून नंतर वाद झाला आणि एल्फिन्स्टनने अरबांच्या सोयीचा अर्थ मान्य केला.

म्हणजे पगारी परदेशी शिपाई, ज्यांचा या मातीशी संबंध नाही, ते पेशव्याच्या शरणागतीनंतरही दहा दिवस लढले. देशप्रेमाने लढाया जिंकतात हे लहानपणापासून ऐकलेलं वाक्य इथे येऊन अडतं. त्यांना परत जायला दुसरं घर नव्हतं, नोकरीही संपणार होती. मला वाटतं एवढंच कारण पुरेसं होतं.

देवळालीच्या तोफखाना शाळेच्या रेंजवर सराव असला की इकडे खिडक्यांची तावदानं हलतात. 155 मिलिमीटरची तोफ पंचवीस-तीस किलोमीटरवर गोळा टाकते. देवळालीहून रामशेज साधारण तेवढ्या टप्प्यात येतो. बातमी आली की मी एकदा मनात तो टप्पा मोजतो, का ते मलाही नीट सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र इंग्रजांबद्दल विचारावीशी वाटते. दोन दिवसांत पडणारे किल्ले जर इतके निकामी होते, तर ते घेतल्यावर त्यांनी अलंग, मदन, कुलंगच्या पायऱ्या सुरुंग लावून का उडवल्या? आजही अलंगला जायचं तर त्या तुटलेल्या जागी दोर लावावा लागतो.