सातव्या क्रॉसवर, आजीसोबत

मोबाइल घरीच ठेवा, तिकडे तो चालायचा नाही. पैशांची काळजी नको, ते बाबांच्या खिशात आहेत. तुम्ही फक्त स्वेटर चढवा आणि नऊ वर्षांचे व्हा. गुडघ्यावर परवाची खपली असू द्या. पोट मात्र रिकामं हवं. आज आईने घरात चुलीवर काहीच ठेवलेलं नाही, चहासुद्धा नाही.

1978 सालच्या जानेवारीतला रविवार. काल संक्रांत झाली. तुम्ही बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात, संपिगे रोडवर उभे आहात आणि तोंडातून वाफ निघते आहे. संपिगे म्हणजे आपला सोनचाफा. सध्या बहर नाही, झाडं नुसती हिरवीगार. कुणीतरी गोळा केलेला पाला कोपऱ्यात पेटवलाय, त्याचा निळसर धूर रस्त्यावर लोळतो आहे. त्या धुरातून दुसरा वास येतो, कडवट आणि गोडसर. कॉफीच्या दुकानात बिया दळायला सुरुवात झाली. तुम्ही नऊ वर्षांचे आहात, कॉफी अजून तुम्हाला मिळत नाही, म्हणून तो वासच पोटभर घेऊन ठेवा.

उजव्या हाताला आजी आहे. तिचा हात खरबरीत आणि गरम. वाईहून येऊन तिला महिना झाला. नऊवारीतली आजी बघून येणारे-जाणारे क्षणभर थांबतात, आजी त्यांच्याकडे बघतही नाही. तिच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत एक डबा आहे आणि डब्यात दशम्या. बाहेरचं ती खात नाही. कधीच खाल्लं नाही. ‘तुम्ही खा हो हॉटेलात, मी तुमच्याशेजारी बसेन,’ असं तिने रात्रीच सांगून ठेवलंय.

महिनाभरात आजी दोन कन्नड शब्द शिकली आहे. ‘बेकु’ म्हणजे हवं, ‘बेडा’ म्हणजे नको. दारावर येणाऱ्या प्रत्येकाशी तिचा व्यवहार ‘बेडा’वर भागतो. ‘बेकु’ अजून कोराच आहे.

आधी देवळात जायचं. काडु मल्लेश्वर, रानातला मल्लिकार्जुन. रान आता उरलं नाही. 1898च्या प्लेगनंतर इथे आखीव रस्ते झाले, टोकदार छपरांचे आणि लाकडी झालरीच्या खिडक्यांचे बंगले झाले. देवळाच्या आवारात मात्र झाडं अजून दाट आहेत. पायाखालची फरशी बर्फासारखी लागते, चवड्यांवर उड्या मारतच आत जा. कापूर, ओलं बेलपान, तेलाचे दिवे. बाबा आजीला थांबवतात. तुम्हाला हे पाठ आहे, तरी ऐका. ‘आई, 1669चा शिलालेख आहे इथे. एकोजीराजांनी या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचा. आपल्या शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ.’ आजी हात जोडते. देवाला की राजांना, ते कळत नाही.

आईलाही तिचं माणूस पुढे करायचं असतं. ‘आणि त्या कमला भागवत? 1933 साली इथल्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये विज्ञान शिकायला आल्या. बाई म्हणून तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी आधी नाहीच म्हटलं होतं.’ हे ती ताईकडे बघून सांगते, दर वेळी ताईकडेच बघून. ताईची मान प्रत्येक वेळी थोडी ताठ होते. माझ्या मते त्या दगडावरच्या अक्षरांपेक्षा ही मान बघण्यासारखी आहे.

बाहेर पडताना समोरच्या जागेकडे नजर टाका. नुसती माती आणि गवत. त्या मातीखाली एक अख्खं कुंड झोपलंय, कुंडाच्या काठी दक्षिणेकडे तोंड केलेला नंदी आहे आणि त्याच्या मुखातून शिवलिंगावर पाण्याची धार पडायची सोय आहे. तो सापडायला अजून जवळजवळ वीस वर्षं आहेत. तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही नंतरच्या काळातून आलात. कुणाला सांगू नका. झोपू द्या त्याला.

आता भूक खरी लागली. ताई म्हणते, वीणा स्टोअर्सला जाऊ, इथेच पंधराव्या क्रॉसला, म्हणजे पंधराव्या आडव्या रस्त्याला, गेल्याच वर्षी सुरू झालंय, इडली खूप मऊ असते. आजी विचारते, ‘बसायला आहे का?’ नाही, रस्त्यावर उभं राहून खायचं. आजीचा चेहरा बघून बाबा वळतात. ‘चला, सातव्या क्रॉसला. सेंट्रल टिफिन रूम.’ तुम्हाला हेच हवं होतं. मनातल्या मनात उडी मारा.

वाटेत आठव्या क्रॉसचा बाजार लागतो, आणि इथे घाई करू नका. कोपरांचे, पिशव्यांचे, सायकलच्या हँडलांचे धक्के बसतील. अबोली, मोगरा, शेवंती. फुलवाली बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत माळ ताणते आणि ‘मोळ’ मोजते. कालच्या उसाची चिपाडं पायात येतात. शिंगांवर हळदीचे पिवळे पट्टे उरलेली एक गाय मधोमध उभी आहे. आणि सगळीकडे, पोत्यांवर, टोपल्यांत, जमिनीवर हिरव्या शेंगांचे ढीग. अवरेकाई. बायका एकेक शेंग नाकाशी धरून बघतात. तेलकट, रानटी, जरा तुरट अशा त्या वासाला इथे ‘सोगडु’ म्हणतात आणि तो नसेल तर शेंग टोपलीत परत जाते. आजी वाकते, शेंग उचलते, नाकाशी नेते.

‘अगं बाई, हा तर पावटा!’

महिनाभरात तिचा आवाज एवढा मोठा झालेला तुम्ही ऐकला नव्हता. भाजीवाली पुढे टोपली सरकवते. आजी सवयीने म्हणते, ‘बेडा,’ पण शेंग हातातून सोडत नाही. आई मुकाट्याने दोन किलो घेते.

मार्गोसा रोड. मार्गोसा म्हणजे कडुनिंब. हॉटेलच्या दारातच गर्दी आणि त्या गर्दीच्या डोक्यावरून येणारी उष्णता. आत शिरलात की स्वेटर नकोसा होतो. स्टीलच्या ताटल्यांचा खणखणाट, पाण्याचे पेले आपटल्याचा आवाज, स्वयंपाकघराकडे फेकलेल्या ऑर्डरी. इथे रिकामी खुर्ची मिळत नाही, रिकामी होणारी खुर्ची मिळते. म्हणून खाणाऱ्याच्या मागे उभं राहायचं, त्याच्या घासांवर नजर ठेवायची. तो वैतागत नाही, मघाशी तोही असाच उभा होता.

मान उंच करा, तवा दिसेल. गरम लोखंडावर पाण्याचा सपकारा, चर्रर, वाफ, मग हिरांच्या केरसुणीने एक झाडू. पीठ पडतं, वाटी गोल फिरते, एकाशेजारी एक वर्तुळं. त्यांवर लोणी पडतं, भरपूर. ते आधी फेसाळतं, मग कडांवरून आत झिरपतं आणि पिठाचा आंबूस वास बदलून खमंग, तुपाळ होतो. याला ‘बेण्णे मसाले’ म्हणतात. बेण्णे म्हणजे लोणी. मुंबईतल्या कागदासारख्या डोशाची आठवण काढू नका. हा जाड आहे, गुळासारख्या रंगाचा आणि बाहेरून कुरकुरीत. मला विचाराल तर लोण्याचं यापेक्षा चांगलं काही होऊ शकत नाही.

जागा मिळते ती फुटून. बाबा, आई आणि ताई पलीकडे. तुम्ही आणि आजी एका टेबलावर, समोर पांढराशुभ्र पंचा नेसलेले एक अनोळखी आजोबा. आजी पदर सावरते, डबा मांडीवर घेते. वेटर येतो, खांद्यावर फडकं, ओल्या हातात चार पेले.

‘अज्जी, एन् बेकु?’

आजी तुमच्याकडे वळते. ‘याला मराठी येतं?’

येत नाही. इथे आजीला अज्जीच म्हणतात. तुम्ही समजावून सांगता, पण आजी ऐकत नाही, ती त्याच्याकडे बघते आहे. अनोळखी गावात, अनोळखी मुलाने तिला आजी म्हटलंय. ‘बेडा, बाळा,’ ती म्हणते, पण या वेळचं ‘बेडा’ मऊ आहे.

तुमचा डोसा येतो. बोटं पोळतील, तरी फुंकर घालू नका. कड मोडा. कट् असा आवाज होईल, आतून वाफ सुटेल, मऊ जाळीदार भाग दिसेल आणि मधे पिवळी बटाट्याची भाजी. ताटलीत हिरवी, पातळ खोबऱ्याची चटणी. सांबाराची वाट बघू नका, ते इथे डोशाबरोबर देत नाहीत. पहिला घास. लोणी मनगटापर्यंत ओघळतं, तुम्ही ते चाटता आणि आजी रागवत नाही. ती ताटलीकडे बघते आहे.

‘धिरडंच की हे.’

‘खाऊन तर बघ.’

समोरचे आजोबा खाणं थांबवतात. त्यांना शब्द कळले नसतील, बाकी सगळं कळलंय. ते तुमची ताटली एका बोटाने हळूच आजीकडे ढकलतात. आजी डब्याच्या झाकणावर हात ठेवून बसते. मग एक तुकडा मोडते. अगदी छोटा. चटणीला टेकवते. चावते. डोळे मिटते. तवा चर्रर करतो, कुणीतरी ‘बाय-टू कॉफी’, म्हणजे एक कप दोघांत, असं ओरडतं, तुमच्या खुर्चीमागे उभा असलेला माणूस या पायावरून त्या पायावर होतो.

आजी दुसरा तुकडा मोडते. हा छोटा नाही.

मग ती डबा उघडते. दशम्यांच्या वर कागदात बांधलेला तिळगूळ आहे. दोन वड्या आजोबांपुढे धरते आणि थबकते, कारण पुढचं वाक्य त्यांना कळणार नाही. आजोबा दोन्ही हात पुढे करून वड्या घेतात, कपाळाला लावतात आणि म्हणतात, ‘एळ्ळु बेल्ला तिंदु ओळ्ळे माताडि.’ तीळगूळ खा, चांगलं बोला. तुम्ही अर्थ सांगायला तोंड उघडता, पण आजीची मान आधीच हलते आहे. ‘हो, हो. गोड बोला.’

वेटर ताटल्या उचलायला येतो. त्याच्याही ओल्या तळहातावर एक वडी पडते. तो हसतो, ती गालात सरकवतो. तुमची ताटली रिकामी आहे; अर्ध्याहून जास्त डोसा आजीने संपवलाय आणि तुम्ही अजून भुकेले आहात. मागचा माणूस पुढे झुकतो, त्याला वाटतं, आता उठतील.

‘अज्जी?’ वेटर विचारतो.

आजी पलीकडे बाबांकडे बघते. ते कॉफीत गुंतलेत, त्यांचं लक्ष नाही. ती वेटरकडे वळते, लोण्याने चकाकणारं एक बोट वर करते आणि महिनाभर न वापरलेला शब्द काढते.

‘बेकु.’

मग तुमच्याकडे बघून दुसरं बोट उघडते. दोन.

वेटर तिथूनच तव्याकडे हाक फेकतो. मागचा माणूस सुस्कारा सोडतो. सरका जरा, तुमच्या खुर्चीवर त्याला टेकू द्या, डोसा यायला अजून वेळ आहे.