अंगणात आणि कुरणात वाढलेले शब्द

शब्दसंग्रह वाढवायचा म्हटलं की आपण अ‍ॅप उघडतो. रोज एक नवा शब्द, खाली त्याचा अर्थ. आठवड्याने त्यातले किती आठवतात, हे ज्याचं त्याला ठाऊक. ऐंशी वर्षांपूर्वी डहाणूच्या किनाऱ्यावर दोन बायकांनी हे काम वेगळ्या तऱ्हेने केलं. तिथे शब्द नसण्याची किंमत फार मोठी होती.

तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतले वारली जमीनदारांकडे वेठीने राबत. लग्नासाठी कर्ज काढणारा माणूस मालकाचा गडी होई. त्याला नावच होतं, ‘लग्नगडी’. हिशेब मालकाच्या वहीत, आणि वही वाचता येत नाही. मग कर्ज फिटलं की नाही, हे ठरवणार कोण? २३ मे १९४५ रोजी झरी गावात (आज ते तलासरी तालुक्यात आहे) किसान सभेची परिषद भरली आणि वारल्यांनी वेठ नाकारली. लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी हा इतिहास ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाई मोडक यांनी जवळच्याच बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत होत्या अनुताई वाघ. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं, कुणाला गुरं राखायची. मग बाईंनी शाळाच वस्तीवर नेली. अंगणात भरली ती अंगणवाडी. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा गुरांमागे फिरणाऱ्या वारली मुलांसाठी चराईच्या रानातच वर्ग भरला. ती कुरणशाळा.

माँटेसोरीची महागडी साधनं इथे परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पानं आली. यातली खुबी बघा. मुलाच्या घरी वारली बोली, शाळेत पुस्तकी मराठी. पण हातात बी असली की दोन्ही शब्द तिलाच चिकटतात. आधी वस्तू, मग शब्द, मग अक्षर. शिवाय रानातल्या झाडांची नावं गुराख्याला शहरातून आलेल्या बाईंपेक्षा जास्त ठाऊक. तिथे गुरू तोच.

यातून आपल्यालाही घेण्यासारखं आहे.

एक, शब्द वस्तूपाशी जाऊन शिका. ‘राब’ म्हणजे पालापाचोळा आणि शेण जाळून भाताच्या रोपांसाठी तयार केलेली जागा. हा अर्थ पाठ करून विसराल. पावसाच्या तोंडावर डहाणूतल्या एखाद्या शेताच्या बांधावर उभं राहून विचारलंत, तर विसरणार नाही.

दोन, ज्याचं काम त्याला विचारा. सुतार, कोळीण, वायरमन, नर्स, प्रत्येकाकडे शंभर-दोनशे शब्द असे असतात जे तुमच्याकडे नाहीत.

तीन, नव्या शब्दाशेजारी घरचा शब्द लिहा. तो खोडू नका. वारली बायका लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्याला त्या ‘चौक लिहिणं’ म्हणतात. ज्यांना जग निरक्षर म्हणत आलं, त्यांच्या बोलीत चित्रही लिहिलं जातं. प्रमाण मराठी शिकताना हा शब्द गेला असता, तर नुकसान मराठीचंच होतं.

चार, मिळालेला शब्द त्याच दिवशी वापरा. बोलण्यात, मेसेजमध्ये, कुठेही. मुलं गाण्यात आणि गोष्टीत हेच करतात.

आणि शब्द नसेल तर? तोही घडवता येतो. ‘अंगण’ आणि ‘वाडी’ हे दोन साधे शब्द. ते जोडून झालेलं नाव १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने उचललं, आणि आज देशभरच्या सरकारी कागदांवर ते आहे. पुढच्या वेळी गावातल्या अंगणवाडीची पाटी दिसली, की हा शब्द कुठून आला ते सोबतच्याला सांगा. तुमच्या यादीतला आजचा शब्द तोच.